टायटलबार कोणी काढायचा? वेलँडवर विंडोची चौकट ठरते कशी

प्रश्न नाशिकहून आला आहे. सी भाषेतला, ईजीएल (ग्राफिक्स विंडोपर्यंत पोचवणारा इंटरफेस) वापरून थेट वेलँडशी, म्हणजे लिनक्सवर विंडो पडद्यावर आणणाऱ्या नव्या प्रोटोकॉलशी, बोलणारा एक छोटा प्रोग्राम आहे. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष पॅकहाऊसमधल्या काट्यावरून पेटीचं वजन वाचायचं, नोंदवायचं आणि लेबल छापायचं, एवढंच त्याचं काम. सातपूरच्या ऑफिसात केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपवर तो व्यवस्थित दिसतो. पॅकहाऊसमधल्या उबुंटूवर (तिथे डेस्कटॉप ग्नोम) मात्र उघडीबोडकी विंडो येते: टायटलबार नाही, धरून हलवता येत नाही, बंद करायला फुली नाही. म्हणून टायटलबार स्वतःच रंगवला, तर ऑफिसात एकावर एक दोन दिसू लागले. शिवाय विंडो रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा थोडी उंच उघडते, आणि ‘द्राक्ष तोल नोंद’ हे शीर्षक त्या हाताने रंगवलेल्या पट्टीत फुटकं दिसतं.

पहिल्या तीन तक्रारींचं मूळ एकच आहे. चौकट कोण काढणार हे प्रोग्रामने गृहीत धरलंय. विचारलेलं नाही, किंवा विचारून उत्तर ऐकलेलं नाही. चौथी तक्रार वेगळी वाटते, पण तीही त्याच निर्णयाची शेपटी आहे. (प्रोटोकॉलमधली नावं पुढे देवनागरीत लिहिली आहेत. हेडर फाइलमध्ये शोधताना शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर धरा.)

एक्सने लावलेली सवय

विंडो उघडली की टायटलबार आपोआप येतो, ही समजूत वेलँडच्या आधीपासूनच्या एक्स विंडो सिस्टिमने घालून दिली. १९८७ पासून चालत आलेल्या एक्स ११ मध्ये विंडो मॅनेजर सर्व्हरचा भाग नसतो; तोही बाकी प्रोग्रामांसारखा एक क्लायंटच. फरक इतकाच की तो रूट विंडोवर (सगळ्या विंडोंच्या मागची मूळ विंडो) ‘सबस्ट्रक्चर रीडायरेक्ट’ हा मास्क लावतो, म्हणजे इतरांच्या विनंत्या आधी आपल्याकडे वळवून घेतो. हा मास्क एका वेळी एकालाच मिळतो. दुसऱ्याने मागितला तर ‘बॅड ॲक्सेस’ एरर. तुमच्या प्रोग्रामने विंडो मॅप करायला (पडद्यावर दाखवायला) सांगितली की ती विनंती अमलात न येता आधी मॅनेजरकडे जाते. तो स्वतःची थोडी मोठी विंडो बनवतो, तुमची विंडो तिच्या पोटात बसवतो आणि बाहेर उरलेल्या कडेवर टायटलबार, बटणं, किनार रंगवतो. तुमच्या प्रोग्रामला याचा पत्ताही लागत नाही.

चौकट नको असेल तर एक्सवर आजही ‘मोटिफ डब्ल्यूएम हिंट्स’ ही प्रॉपर्टी लावतात. मोटिफ टूलकिट केव्हाच मागे पडलं, पण त्याची ही चिठ्ठी अजून बहुतेक मॅनेजर वाचतात. तीत ३२ बिटांचे पाच आकडे असतात: फ्लॅग्ज, फंक्शन्स, डेकोरेशन्स, इनपुट मोड, स्टेटस. फ्लॅग्जमध्ये २ आणि बाकी सगळीकडे ० लिहिलं की चौकट जाते. सापळा असा की एक्सलिबला (एक्सशी बोलणारी सी लायब्ररी) ‘फॉरमॅट ३२’ सांगितलं की ती लाँगचा ॲरे धरून चालते, आणि ६४ बिट लिनक्सवर लाँग आठ बाइटचा असतो. चार बाइटच्या इंटचा ॲरे दिला तर आकडे एकमेकांत सरकतात, ॲरेच्या पलीकडची मेमरी वाचली जाते आणि एररही येत नाही. काही जण कंटाळून ‘ओव्हरराइड रीडायरेक्ट’ लावतात. त्याने चौकट जाते, पण सोबत मॅनेजरही जातो: फोकस, ऑल्ट-टॅब, मिनिमाइझ सगळंच बिघडतं. तो मेनू आणि टूलटिपसाठी राखून ठेवावा.

एक्सवर चौकटीची जाडी ‘नेट डब्ल्यूएम’ घराण्यातल्या ‘नेट फ्रेम एक्स्टेंट्स’मधून कळते: डावी, उजवी, वरची, खालची, याच क्रमाने. ती न वाचता आतल्या विंडोची जागा साठवली आणि पुढच्या वेळी तीच मागितली, तर मॅनेजर तिथे चौकटीचा कोपरा ठेवतो. मग विंडो प्रत्येक वेळी टायटलबारच्या उंचीइतकी खाली घसरते. तुमची ‘रोज उंच होणारी’ विंडो हिचीच वेलँडवरची बहीण आहे.

वेलँडवर उलटा नियम

क्रिस्टियन होग्सबर्गने २००८ मध्ये वेलँड सुरू केलं तेव्हा सर्व्हर आणि विंडो मॅनेजर यांच्यातली फाळणीच काढून टाकली. दोन्ही कामं एकच प्रोसेस करते, ती म्हणजे कंपोझिटर. क्लायंटने आपला बफर (विंडोच्या चित्राची मेमरी) रंगवून द्यायचा, कंपोझिटरने तो पडद्यावर ठेवायचा. गाभ्याच्या प्रोटोकॉलमध्ये चौकटीचा उल्लेख नाही. डेस्कटॉपवरच्या विंडोंसाठीचा ‘एक्सडीजी शेल’ २०१७ मध्ये स्थिर झाला. त्यात शीर्षक सांगता येतं, ‘मला मॅक्सिमाइझ कर’ म्हणता येतं, ‘मला हलवायला सुरुवात कर’ म्हणता येतं. पण ‘माझ्याभोवती चौकट काढ’ असं म्हणायची सोय त्यातही नाही. म्हणजे मूळ नियम असा: ज्याची विंडो, त्याची चौकट.

केडीईला हे मान्य नव्हतं. त्यांनी आधी स्वतःचा वेगळा सर्व्हर-डेकोरेशन (डेकोरेशन म्हणजे चौकट) प्रोटोकॉल केला, आणि २०१८ मध्ये सगळ्यांसाठी म्हणून ‘एक्सडीजी डेकोरेशन’ आला. अधिकृत नावात तो अजून ‘अनस्टेबल व्ही १’ आहे, म्हणून इंटरफेसच्या नावापुढे झेड लागतो. पण त्या नावाला घाबरू नका. केडीईचा केविन, स्वे आणि डब्ल्यूएलरूट्स या लायब्ररीवर बांधलेले बहुतेक कंपोझिटर तो राबवतात. ग्नोमचा कंपोझिटर मटर राबवत नाही, आणि हे विसरून राहिलेलं काम नव्हे. ग्नोमची भूमिका अशी की चौकट हा ॲप्लिकेशनचाच भाग आहे. ग्नोमचं टूलकिट जीटीके, त्याच्या ३.१० मध्ये, २०१३ साली, हेडरबार आला. तेव्हापासून शोध, मेनू, बटणं सगळं टायटलबारमध्येच बसवायची त्यांची पद्धत आहे. तिथे कंपोझिटरने वेगळी पट्टी काढली तर ती वरकडच ठरेल.

दोन्ही बाजूंना तथ्य आहे. कंपोझिटरने काढलेली चौकट सगळ्या विंडोंवर सारखी दिसते आणि प्रोग्राम अडकला तरी फुली जिवंत राहते. ॲप्लिकेशनने काढलेल्या चौकटीत जागा वाचते आणि आतली-बाहेरची हालचाल एकाच फ्रेममध्ये जुळते. हा वाद मिटायची वाट पाहत बसू नका. द्राक्षांचा हंगाम एप्रिलपर्यंतच असतो. एक्स सेशनमध्ये लॉगिन करून वेळ मारून नेण्याचा मार्गही आता बंद होत चालला आहे: उबुंटूने २५.१० पासून ग्नोमचं एक्स सेशन काढून टाकलं.

विचारायचं कसं, ऐकायचं कसं

या देवाणघेवाणीत घासाघीस नसते. क्लायंट एकदा आपली पसंती सांगतो, कंपोझिटर निकाल देतो, आणि निकाल पसंतीच्या विरुद्ध असू शकतो. प्रोटोकॉलमध्ये मोड दोनच आहेत: १ म्हणजे क्लायंटने काढायची, २ म्हणजे सर्व्हरने, अर्थात कंपोझिटरने, काढायची. पण तुमच्या प्रोग्रामच्या दृष्टीने उत्तरं तीन आहेत, कारण डेकोरेशन मॅनेजर (एक्सडीजी डेकोरेशनचं दार) मुळात हजरच नसणं हेही एक उत्तर आहे. एरवी मौन म्हणजे संमती. इथे मौन म्हणजे ‘तुझं तू बघ’. उबुंटूवर तुमच्या प्रोग्रामला हेच उत्तर मिळालं आणि त्याने ते ‘काही करायला नको’ असं वाचलं.

क्रम असा ठेवा. रजिस्ट्री घ्या आणि एक पूर्ण राउंडट्रिप करा (विचारलेल्याची सगळी उत्तरं येईपर्यंत थांबा), म्हणजे कंपोझिटरकडच्या सगळ्या ग्लोबलची, त्याला येणाऱ्या सोयींची, यादी हातात येते. ही राउंडट्रिप टाळून विंडो बनवली तर मॅनेजर कधी सापडतो, कधी नाही, आणि ‘चौकट कधी येते, कधी येत नाही’ असा भुताटकीसारखा दोष मागे लागतो. मग वेलँड सरफेस (बफर जोडायची जागा), त्यावर एक्सडीजी सरफेस, त्यावर टॉपलेव्हल (म्हणजे स्वतंत्र विंडो). मॅनेजर सापडला असेल तर लगेच, एकही बफर जोडण्याआधी, त्या टॉपलेव्हलसाठी डेकोरेशन ऑब्जेक्ट मागा आणि सेट मोड २ पाठवा. कुठलाही मोड चालणार असेल तर सेट मोड पाठवूच नका. त्यानंतर बफर नसलेला कमिट करा (कमिट म्हणजे आतापर्यंतचे बदल लागू करणं) आणि थांबा.

आता तीन इव्हेंट येतात: टॉपलेव्हलचं कॉन्फिगर (रुंदी, उंची, अवस्था), डेकोरेशनचं कॉन्फिगर (मोड) आणि शेवटी एक्सडीजी सरफेसचं कॉन्फिगर, ज्याच्यासोबत एक सीरियल नंबर असतो. पहिल्या दोघांत आलेली माहिती फक्त टिपून ठेवायची. तिसरा आला की ‘एवढं सगळं मिळून एक निर्णय’ असं समजून त्या सीरियलसाठी ॲक कॉन्फिगर (पोच) पाठवायचं, नव्या मोडप्रमाणे आणि मापाप्रमाणे रंगवायचं, बफर जोडायचा, कमिट करायचा. डेकोरेशनचं कॉन्फिगर येताच घाईने रंगवलं तर एखाद-दुसऱ्या फ्रेमपुरते दोन टायटलबार दिसतात किंवा एकही दिसत नाही, आणि आकार बदलताना विंडो थरथरते.

ईजीएलवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिलं स्वॅप बफर्स (रंगवलेलं चित्र पुढे देणारी हाक) खूप आधी मारणं. ते आतून बफर जोडतं आणि कमिट करतं. त्यानंतर डेकोरेशन ऑब्जेक्ट मागितला की आवृत्ती १ मध्ये ‘अनकॉन्फिगर्ड बफर’ ही प्रोटोकॉल एरर येते, आणि वेलँडवर प्रोटोकॉल एरर म्हणजे थेट जोडणी तुटते. समजुतीला वाव नाही. एकाच टॉपलेव्हलसाठी दोनदा मागितलं तर ‘ऑलरेडी कन्स्ट्रक्टेड’. बंद करताना टॉपलेव्हल आधी आणि डेकोरेशन नंतर नष्ट केलं तर ‘ऑर्फन्ड’. उलट्या क्रमाने आवरा: डेकोरेशन, टॉपलेव्हल, एक्सडीजी सरफेस, वेलँड सरफेस.

तुमच्या ऑफिसातल्या दोन टायटलबारचं कारण यातच आहे. उबुंटूसाठी लिहिलेला रंगवण्याचा कोड बिनशर्त चालतो. केविनने ‘२’ असं उत्तर दिलेलं असतानाही. त्याला अट एकच लावा: शेवटच्या ॲक केलेल्या कॉन्फिगरमध्ये मोड २ आला असेल तर पट्टी रंगवायची नाही, बाकी प्रत्येक परिस्थितीत रंगवायची. सुरुवातीचं मूल्य ‘क्लायंट’ ठेवलं की मॅनेजर नसलेली बाजू आपोआप सांभाळली जाते.

आणि निकाल कायमचा समजू नका. स्वे टाइल केलेल्या (शेजारी-शेजारी बसवलेल्या) विंडोला तुमची पसंती न बघता सर्व्हरची किनार लावतो, पण तीच विंडो फ्लोटिंग केली की तुमची पसंती मानतो. म्हणजे चालू प्रोग्राममध्ये मोड १ वरून २ वर आणि परत जाऊ शकतो. प्रत्येक कॉन्फिगरवर नव्याने मोड मागणारा कोड लिहिलात तर कंपोझिटर आणि क्लायंट एकमेकांना फिरवत बसतात. ती फेरी टाळण्याची जबाबदारी प्रोटोकॉलने क्लायंटवर टाकली आहे.

मापांचा हिशेब, म्हणजे रोज वाढणारी विंडो

स्वतः चौकट काढायची तर तीन आयत वेगवेगळे धरावे लागतात, आणि ‘साइझ’ नावाचं एकच व्हेरिएबल असेल तर गोंधळ अटळ आहे. समजा आतला मजकूर ८०० बाय ६००, पट्टी ३६ पिक्सेल, आणि चारही बाजूंनी २० पिक्सेलची सावली. सरफेस होतो ८४० बाय ६७६. पण विंडो म्हणजे सावली नव्हे. म्हणून ‘सेट विंडो जॉमेट्री’ने कंपोझिटरला सांगायचं: क्ष २०, य २०, रुंदी ८००, उंची ६३६. विंडो कडेला चिकटवणं, मॅक्सिमाइझ करणं, शेजारी लावणं हे सगळं याच आयतावर चालतं. ते सांगितलं नाही तर मॅक्सिमाइझ केल्यावर चारही बाजूंना २० पिक्सेलची फट राहते.

टॉपलेव्हलच्या कॉन्फिगरमध्ये येणारी रुंदी-उंची याच जॉमेट्रीची असते. १००० बाय ७०० आलं तर मजकुराला १००० बाय ६६४ उरतात. मोड २ असेल तेव्हा पट्टी तुमची नसते, त्यामुळे पूर्ण ७०० मजकुराचे. शून्य-शून्य आलं तर माप तुम्ही ठरवायचं. तुमचा प्रोग्राम बंद होताना ६३६ ही उंची साठवतो आणि उघडताना ती मजकुराची उंची धरून वर पुन्हा ३६ चढवतो. दहा दिवसांत ३६० पिक्सेल. मजकुराचं माप साठवा, आणि मॅक्सिमाइझ किंवा फुलस्क्रीन अवस्थेत साठवूच नका. विंडोची जागा साठवायचा विचारही सोडा. एक्सडीजी शेलमध्ये क्लायंटला आपण पडद्यावर कुठे आहोत हे कळतच नाही.

अवस्थांची यादी कॉन्फिगरसोबत येते आणि चौकटीचं रूप तिच्यावर ठरतं. ‘मॅक्सिमाइझ्ड’ असेल तर सावली शून्य, कोपरे चौकोनी, आणि दिलेलं माप तंतोतंत पाळायचं. इथे सूट नाही, मोडलं तर एरर येऊ शकते. ‘टाइल्ड लेफ्ट’ वगैरे असतील तर त्या त्या बाजूची सावली आणि गोलाई काढून टाका. ‘ॲक्टिव्हेटेड’ असेल तर पट्टी ठळक, नसेल तर फिकी. ही फिकी-ठळक बाजू कीबोर्ड फोकसवरून ठरवू नका. दोन्ही नेहमी जुळतातच असं नाही.

सावलीवर पडलेला क्लिक खालच्या विंडोला मिळाला पाहिजे. त्यासाठी इनपुट रीजन आखा: जॉमेट्री आणि तिच्या बाहेर आठ-दहा पिक्सेल, म्हणजे कड पकडून ओढायला जागा राहते. टचस्क्रीन असेल तर दहा पिक्सेल बोटाला पुरत नाहीत.

अपूर्णांकातलं स्केलिंग हा आणखी एक काटा. फ्रॅक्शनल स्केल प्रोटोकॉलमध्ये प्रमाण १२० ने गुणून येतं: १.५ साठी १८०, १.२५ साठी १५०. ३६ पिक्सेलची पट्टी १.२५ ला बरोबर ४५ होते, पण ३० ची ३७.५ होते आणि खालची रेघ धूसर दिसते. पट्टीची उंची चारच्या पटीत ठेवली की १.२५, १.५ आणि १.७५ तिन्ही निभतात.

पट्टी धरून हलवणं

वेलँडवर क्लायंट स्वतःची विंडो सरकवू शकत नाही. तो फक्त ‘आता हलवायला घे’ असं सांगतो. टॉपलेव्हलच्या मूव्ह विनंतीला सीट (माउस-कीबोर्डचा संच) आणि सीरियल लागतो, आणि तो सीरियल नुकत्याच झालेल्या बटणदाबाचा (किंवा टच डाउनचा) असावा लागतो. जुना सीरियल दिला किंवा बटण सुटल्यावर विनंती पाठवली तर कंपोझिटर ती गुपचूप टाकून देतो. रिसाइझही तसंच, फक्त कोणती कड ते आकड्याने सांगायचं: वर १, खाली २, डावी ४, उजवी ८, आणि कोपऱ्यांना त्यांची बेरीज, म्हणजे खालचा उजवा १०.

हलवणं सुरू झालं की पॉइंटर कंपोझिटरच्या ताब्यात जातो. बटण सुटल्याचा इव्हेंट तुम्हाला मिळेलच असं नाही. बहुधा पॉइंटर लीव्ह येतो. ‘बटण दाबलेलं आहे’ असा फ्लॅग सुटण्याच्या इव्हेंटवरच उतरवत असाल तर तो अडकून बसतो, आणि पुढच्या वेळी माउस नुसता फिरवला तरी प्रोग्राम काहीतरी ओढत असल्यासारखा वागतो. लीव्हवरही तो उतरवा. डबल क्लिकने मॅक्सिमाइझ हवं असेल तर दाबताक्षणी मूव्ह पाठवू नका. चार-पाच पिक्सेल सरकल्यावर पाठवा.

उजव्या क्लिकला ‘शो विंडो मेनू’ द्या. बटणं काढण्याआधी एक्सडीजी शेलच्या आवृत्ती ५ पासून येणारा ‘डब्ल्यूएम कॅपॅबिलिटीज’ इव्हेंट वाचा: विंडो मेनू, मॅक्सिमाइझ, फुलस्क्रीन, मिनिमाइझ यांपैकी कंपोझिटरला काय येतं ते त्यात असतं. जिथे मिनिमाइझ नाही तिथे ते बटण दाखवलं तर ते दाबणारा माणूस संगणकाला शिव्या देतो, कंपोझिटरला नाही.

एक गोष्ट खास ईजीएलची. स्वॅप इंटरव्हल १ असताना विंडो झाकली गेली की कंपोझिटर फ्रेम कॉलबॅक (‘आता पुढचं चित्र रंगव’ हा इशारा) थांबवू शकतो, आणि स्वॅप बफर्स तिथेच अडकतं. मग कंपोझिटरच्या पिंगला पाँग जात नाही आणि ‘प्रोग्राम प्रतिसाद देत नाही’ असा डायलॉग येतो. इंटरव्हल ० करून फ्रेम कॉलबॅक स्वतः सांभाळा. चौकट तुमची असेल तर हे जास्तच जपायचं, कारण अडकलेल्या प्रोग्रामची फुलीही अडकलेली असते.

‘द्राक्ष’ फुटतं का

सेट टायटलने पाठवलेलं शीर्षक यूटीएफ-८ असतं. चौकट कंपोझिटरची असली की ते त्याच्या मजकूर-इंजिनातून जातं आणि नीट जुळतं. चौकट तुमची असली की जुळवणंही तुमचं. फ्रीटाइपने (फॉन्टमधली चिन्हं रंगवणारी लायब्ररी) एकेक कोडपॉइंट काढून शेजारी मांडणारा कोड इंग्रजीला चालतो. ‘द्राक्ष’मध्ये सात कोडपॉइंट आहेत आणि पडद्यावर अक्षरं दोन: द, हलंत, र, काना, क, हलंत, ष. एकेक मांडलं की हलंत उघडे पडतात. ‘पिंपळगाव’मध्ये साठवणीत वेलांटी ‘प’च्या नंतर असते आणि दिसताना आधी यायला हवी. हे काम अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझ या लायब्ररीचं आहे: लिपी देवनागरी आणि भाषा मराठी अशी दोन्ही सांगून शेप करा, आणि मिळालेले ग्लिफ फ्रीटाइपने रंगवा. भाषा सांगण्याचा फायदा असा की ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिले आहेत, तिथे ते निवडले जातात. नाहीतर हिंदी वळण येतं. पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी वापरली तर यातलं बरंचसं आयतं मिळतं. पट्टीची उंची मात्र इंग्रजी फॉन्ट बघून २४ ठेवू नका. वरचा रफार आणि खालचा उकार एकाच ओळीत बसायचा तर ३२ ते ३६ लागतात.

एक्सवर हेच शीर्षक ‘एक्स स्टोअर नेम’ने दिलं तर ते लॅटिन-१ म्हणून जातं आणि परकी चिन्हं उमटतात. ‘नेट डब्ल्यूएम नेम’ ही प्रॉपर्टी यूटीएफ-८ प्रकाराने लावा.

हे सगळं हाताने लिहायचं का?

नाही. वर लिहिलेलं समजून घ्यायचं ते दोष शोधण्यासाठी; पट्टी काढायला लिबडेकोर ही लायब्ररी आहे. ती आधी एक्सडीजी डेकोरेशन विचारते, सर्व्हरची चौकट मिळाली तर गप्प बसते, नाहीतर सबसरफेस लावून स्वतः पट्टी, किनार आणि सावली काढते. तुम्ही वेलँड सरफेस द्यायचा. एक्सडीजी सरफेस आणि टॉपलेव्हल तीच बनवते, त्यामुळे तुमचा तो कोड काढून टाका. कॉन्फिगर कॉलबॅकमध्ये तिच्याकडून ‘कंटेंट साइझ’ घ्या (ही मजकुराची असते, म्हणजे ३६ चा हिशेब सुटला), त्या मापाची स्टेट बनवा, फ्रेम कमिट करा, स्टेट मोकळी करा. शीर्षक आणि ॲप आयडी फ्रेमवर लावून शेवटी फ्रेम मॅप करा. इव्हेंट लूपमध्ये लिबडेकोरचं डिस्पॅच चालवायला विसरू नका.

पॅकहाऊसच्या मशीनवर टाकताना एक नक्की अडेल. लिबडेकोरचं रंगकाम प्लगिनमध्ये असतं आणि डेबियन-उबुंटूवर प्लगिनचं पॅकेज वेगळं आहे, एक कैरोचं आणि एक जीटीकेचं. मुख्य लायब्ररी आहे पण प्लगिन नाही, अशा मशीनवर ती तक्रार छापून चौकटीविना पुढे जाते, आणि तुम्ही पुन्हा उघड्या विंडोपाशी येता. ॲपइमेजसारख्या गाठोड्यात लायब्ररी बांधून दिली तर प्लगिनची वाट ‘लिबडेकोर प्लगिन डिर’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने दाखवावी लागते.

विंडो बनवून देणाऱ्या एसडीएल किंवा जीएलएफडब्ल्यू या लायब्रऱ्या वापरत असाल तर लिबडेकोर तेच उचलतात. जीएलएफडब्ल्यू ३.४ ला ती सापडली नाही आणि कंपोझिटरही चौकट देत नसेल, तर ते वर २४ आणि बाजूंना ४ पिक्सेलचा राखाडी पट्टा काढतं. त्यावर शीर्षक नसतं, बटणही नसतं. तो पट्टा दिसला की कोडमध्ये शोधू नका, पॅकेज बघा. क्यूटी हे टूलकिट स्वतःची पट्टी स्वतः काढतं. जीटीकेवाल्यांना हा प्रश्न पडतच नाही.

आधी हे तपासा

‘वेलँड इन्फो’ चालवा आणि यादीत डेकोरेशन मॅनेजर आहे का बघा. नसेल तर पट्टी तुमची, विषय संपला. मग ‘वेलँड डीबग’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून प्रोग्राम सुरू करा; प्रत्येक विनंती आणि इव्हेंट टर्मिनलवर छापला जातो. सेट मोडच्या आधी बफरचा अटॅच दिसतो का, डेकोरेशनच्या कॉन्फिगरमध्ये कोणता आकडा आला, त्यानंतर ॲक गेलं का, एवढ्या तीन ओळींत बहुतेक दोष पकडले जातात. प्रोग्राम चुकून एक्सवेलँडवर (वेलँडवर एक्सचे प्रोग्राम चालवणारा थर) चालतोय का हे ओळखायला ‘एक्सप्रॉप’ चालवून विंडोवर क्लिक करा. प्रॉपर्ट्या छापल्या तर तो एक्सचा क्लायंट आहे, आणि अशा विंडोंना ग्नोमही चौकट काढून देतो. ‘त्याच मशीनवर दुसऱ्या प्रोग्रामला टायटलबार आहे’ या कोड्याचं उत्तर बहुधा इथे असतं.

काट्यावरच्या मशीनपुरतं बोलायचं तर टायटलबार हवाच कशाला? तिथे दिवसभर एकच प्रोग्राम चालतो आणि ओल्या हाताने फुलीवर बोट पडलं तर नोंद थांबते. तिथे ‘सेट फुलस्क्रीन’ पाठवा. त्या अवस्थेत चौकट कोणीच काढत नाही. किंवा डेस्कटॉपच काढून टाकून केज हा एकाच प्रोग्रामसाठीचा कंपोझिटर लावा. बाहेर पडायचं बटण पडद्याच्या कोपऱ्यात, पासवर्डमागे ठेवा. लिबडेकोर सातपूरच्या ऑफिसातल्या आवृत्तीसाठी असू द्या, आणि दोन्हींमधली निवड कमांड लाइनच्या एका स्विचवर.